रेघ चढली, रेघ उतरली

बालमित्रांनो, आलेखाची रेघ वर चढली की इंग्रजीत 'राइज' म्हणायचे, उतरली की 'फॉल'. गोष्ट होऊन गेलेली असेल तर 'राइज'चे 'रोज' होते आणि 'फॉल'चे 'फेल'. हा 'फेल' म्हणजे नापास नव्हे बरं का!

आपल्या बीड जिल्ह्याचेच आकडे घेऊ. जनगणनेत २००१ साली साक्षरता होती सुमारे ६८ टक्के, २०११ साली सुमारे ७७. म्हणजे 'लिटरसी रोज'.

आता दुसरी रेघ. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ साली होत्या ८९४, २०११ साली ८०७. प्रमाणाला म्हणायचे 'रेशो'. वाक्य झाले, 'द रेशो फेल फ्रॉम ८९४ टू ८०७.' 'फ्रॉम' सांगते कुठून, 'टू' सांगते कुठवर. आणि कितीने? तिथे 'बाय' लागते : 'इट फेल बाय ८७.' चुकून 'टू ८७' म्हटलंत, तर हजारामागे ८७च मुली उरतील! उतार मोठा आहे, म्हणून पुढे 'शार्पली' जोडा.

दोन्ही वाक्ये 'बट'ने सांधा. साक्षरता वाढली, पण मुलींचे प्रमाण घटले! गर्भाचे लिंग तपासण्यास बंदी घालणारा कायदा तर १९९४ सालीच झाला होता. मग असे का झाले? इंग्रजी वाक्य वहीत लिहा आणि हा प्रश्न आज घरी आई-बाबांना नक्की विचारा.