वस्तीची मंडळे आणि त्यांच्या पायाखालची जमीन

नागपूरच्या जुन्या भागांतून, म्हणजे महाल, इतवारी, सक्करदरा, रेशीमबाग या बाजूंनी, दिवेलागणीच्या सुमारास जो कोणी पायी हिंडेल, त्याला एखाद्या मोकळ्या जागेवर पाणी मारून दाबलेली माती, तिच्यावर फक्कीने आखलेल्या रेषा आणि त्या रेषांच्या आत दम घुमवीत शिरणारा पोर, एवढे दृश्य हमखास दिसेल; परंतु त्या दृश्यामागे उभी असलेली जी संस्था, तिला इमारत नसल्यामुळे आणि दारावर पाटी लावायला दारच नसल्यामुळे, ती सहसा दिसत नाही. वस्तीचे क्रीडा मंडळ ही ती संस्था. तिचे दप्तर एखाद्या सभासदाच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत असते. त्यात वर्गणीचे पावतीपुस्तक, सभेचे इतिवृत्त, धर्मादाय कार्यालयाकडून मिळालेले नोंदणीपत्र आणि जमाखर्चाची वही. तिचा शिक्षक म्हणजे कालचा खेळाडू, जो दिवसभर दुकानात किंवा कचेरीत बसतो आणि सायंकाळी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर येतो, आणि त्याबद्दल एक पैसा घेत नाही. पोराचे कौशल्य तर तो पाहतोच, पण कालपासून पोर का आले नाही, याची चौकशी करायला तो त्याच्या घरीही जातो. आणि ही चौकशीच, आमच्या मते, मंडळाचे खरे कार्य होय.

कबड्डी आणि खो-खो यांचा बोलबाला सर्वत्र आहे, म्हणून येथे आट्यापाट्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो. हा खेळ विदर्भाने विशेष जिव्हाळ्याने जपला. त्याच्या अखिल भारतीय महासंघाची स्थापना १९८२ साली झाली, आणि त्या महासंघाच्या उभारणीत नागपूरकरांचा हात मोठा आहे. मैदान आखण्याचे कामच पाहण्यासारखे असते. दोन खुंट्या ठोकून दोरी ताणतात, ती पुन्हापुन्हा मोजून घेतात आणि मग नऊ आडव्या पाट्या काढतात, प्रत्येक २३ फूट १ इंच लांब आणि १ फूट १ इंच रुंद; या नवांना मधोमध छेदून जाणारी उभी सूरपाटी ८९ फूट १ इंच लांबीची. फक्कीची टोपली घेतलेला मुलगा वाकून मागे मागे सरकत जातो, आणि आपलीच रेष आपल्या पायाने मोडू नये म्हणून टाच उचलून चालतो. बाजूला फूटभर रुंदीच्या पट्टीवर पाय न सोडता उभा राहून अडवणारा, आणि समोर खांद्याची हूल देऊन त्याला चकवू पाहणारा, यांचे हे द्वंद्व आहे. येथे चेंडू नाही, काठी नाही, कोणतेही साधन नाही. मोकळी जमीन, मूठभर चुना आणि पायांतली बुद्धी एवढ्यावर सात-सात मिनिटांचे चार डाव रंगतात. तुकोबांनी हुतुतू, हमामा, विटीदांडू यांवर अभंग रचले त्या काळापासून आमच्या देशी खेळांची प्रकृती ही अशीच निर्धन, आणि म्हणूनच सर्वांना खुली राहिलेली आहे.

जमिनीखेरीज काहीच लागत नाही, या वाक्याची दुसरी बाजू अशी की, जमीन गेली तर काहीच उरत नाही. हा विचार मनात घोळत असता आम्हाला आयर्लंडमधील एका संघटनेची आठवण होते. त्या देशात हर्लिंग नावाचा अतिप्राचीन खेळ आहे. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी पसरट असलेली काठी घेऊन पंधरा-पंधरा गडी लहानशा चामडी चेंडूसाठी झुंजतात, आणि चेंडू गोलच्या आडव्या दांडीखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. एकोणिसाव्या शतकातील महादुष्काळाने आणि देशत्यागाने गावेच्या गावे ओस पडली, तेव्हा हा खेळही मरणपंथाला लागला. मग १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्ल्स या गावी, हेज यांच्या हॉटेलात, मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आदी मूठभर माणसे जमली आणि त्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे मुख्य खेळ. परंतु तिची खरी प्रतिभा दिसते ती संघटनेच्या बांधणीत. एका चर्चच्या छत्राखाली येणारा जो गावे-वाड्यांचा टापू, ज्याला तेथे पॅरिश म्हणतात, तोच क्लबचा मुलूख. ज्याचा जन्म किंवा वास्तव्य त्या हद्दीतले, त्याने सामान्यतः त्याच क्लबाकडून खेळायचे. आज असे दोन हजारांहून अधिक क्लब आहेत. परगण्याच्या संघातून डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ८२ हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारा गडीसुद्धा खेळाचे वेतन घेत नाही. तो सोमवारी आपल्या शाळेत शिकवायला किंवा शेतावर राबायला हजर होतो, आणि पुढे आपल्या गावच्या क्लबाकडून, शेजाऱ्याच्या मुलाच्या खांद्याला खांदा लावून, पुन्हा मैदानात उतरतो.

या संघटनेच्या इतिहासात रक्तही सांडलेले आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर सामना चालू असता ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. मृतांमध्ये टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता, आणि त्या मैदानाचा एक सज्जा आज त्याच्या नावाने ओळखला जातो. परक्या सत्तेखाली देशी खेळ खेळणे हीच एक राजकीय उक्ती होते, हे आमच्या लोकांना निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

कारण त्याच शतकाच्या आरंभी आमच्याकडे हेच घडत होते. नागपूरपासून फार दूर नाही अशा अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. आखाडा, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतुतू यांची शास्त्रशुद्ध तालीम देणे आणि तयार झालेले शिक्षक गावोगाव पाठविणे, हा त्यांचा उद्योग. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडातील एका शहरगावच्या आखाड्याने युरोपच्या मैदानावर देशाची ओळख करून द्यावी, याचा अभिमान आम्हाला आजही वाटतो आणि वाटलाच पाहिजे. पुढे तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले, आणि शंभरी ओलांडूनही मंडळ नांदते आहे. या दीर्घायुष्याला वैद्य बंधूंचे तप कारण आहे, यात संशय नाही. पण तप करणारी माणसे नागपुरातही झाली. अमरावतीच्या मंडळाजवळ स्वतःचे विस्तीर्ण आवार आहे, हा भेद आम्हाला निर्णायक वाटतो. आयर्लंडमध्येही क्लबांची मैदाने बहुधा क्लबांच्याच विश्वस्तांच्या नावे असतात. गावाने वर्गणी काढून ती घेतलेली, भिंती श्रमदानाने बांधलेल्या. त्यामुळे पिढी बदलली, घरे पडली, तरुण न्यूयॉर्कला गेले, तरी मैदान जागच्या जागी राहते.

नागपूरच्या मंडळांची स्थिती अशी नाही. या शहराची जमीन कुठे नझुलाची म्हणजे सरकारी, कुठे महापालिकेची, कुठे १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या सुधार प्रन्यासाची. प्रन्यासाने लेआउट पाडताना खुल्या जागा राखल्या, ही दूरदृष्टी होती, आणि त्या जागांवरच कित्येक मंडळे वाढली. परंतु मंडळाचा कब्जा हा केवळ वहिवाटीचा. आखीव पत्रिकेत, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, त्याचे नाव नाही. आज आखलेल्या पाट्यांवर उद्या लग्नाचा मंडप पडतो, परवा बांधकामाची गिट्टी येऊन पडते, आणि एके दिवशी कोणत्या तरी योजनेचे कुंपण उभे राहते. मंडळाने दरखास्त घेऊन कचेरीत जावे, तर प्रथम प्रश्न येतो की, आपला हक्क कोणता?

दरम्यान कबड्डीने मोठा पल्ला गाठला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिचा समावेश झाला, २०१४ पासून प्रो कबड्डीचा जमाना आला, माती जाऊन मॅट आली, खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. गरीब घरच्या मुलाला त्याच्या दमाचे मोल मिळते, याचा आम्हाला निर्भेळ आनंद आहे. आयर्लंडसारखे सर्वांनी निर्वेतन खेळावे, असा आग्रह आम्ही धरणार नाही, कारण तेथील शिक्षकाची सोमवारची नोकरी आमच्या पोराजवळ नसते. परंतु हा पोर ज्या मातीत पडायला, धरायला आणि मध्यरेषेकडे हात लांबवायला शिकला, त्या मातीचा वाटा त्या व्यवहारात कोठेच धरलेला नसतो. मॅट घ्यायची तर पैसा, आणि ती पावसापासून वाचवायची तर छप्पर. छप्पर घालायचे तर परवानगी, आणि परवानगीसाठी पुन्हा तोच जमिनीचा कागद.

हा कागद मिळवायचा तर प्रथम आमच्या संघटनांकडे पाहावे लागते. कबड्डी आणि खो-खो यांत विदर्भाची संघटना महाराष्ट्राहून स्वतंत्र आहे, आणि राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ आपल्या नावाने उतरतो. नागपूर ज्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, त्या काळच्या वेगळेपणाची ही एक खूण राज्यपुनर्रचनेनंतरही शिल्लक राहिली आहे. या संघटनांनी, महापालिकेने आणि प्रन्यासाने एकत्र बसून एवढे एकच काम हाती घ्यावे: जी मंडळे वर्षानुवर्षे नियमाने मुले खेळवीत आली आहेत, त्यांच्या मैदानांची मोजणी करावी, प्रत्येक जागेची क्रीडांगण म्हणून कायम नोंद करावी, आणि तिच्या देखभालीचा अधिकार दीर्घ मुदतीच्या लेखी कराराने त्या वस्तीच्या मंडळाकडे सोपवावा, मात्र जागा विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार कोणालाही ठेवू नये. मोजणीसाठी माणसे मंडळे स्वतःच देतील. खुंट्या, दोरी आणि फक्की त्यांच्याजवळ आहेच.