साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत जुन्या इमारतींमधून फिरताना वर पाहा. दोन इमारतींच्या मधे आकाश चांगलं ऐसपैस दिसतं. श्रेय आपण झाडांना देतो, पण त्यामागे एक कोन आहे: 63.5 अंश!

1896 मध्ये मांडवीत प्लेग फुटला आणि त्यातून 1898 मध्ये, पुढे या वसाहती वसवणारा मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर या कोनासाठी हट्टच धरून बसले. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. ती यापेक्षा चढी नको. हाच कोन का? कारण त्यात उंची अंतराच्या जवळजवळ दुप्पट येते. समोर 40 फुटांची इमारत, तर मधे 20 फूट मोकळे. कोनमापक नको, टेप पुरे! घर कसं बांधायचं हे नियम सांगतच नाही. सज्जा काढा, कमान काढा, मजला चढवा. फक्त जेवढे वर जाल त्याच्या निम्मं मागे सरा.

गंमत पुढेच आहे. अंधार, दमट हवा आणि कोंदट खोल्या यांतच प्लेग वाढतो, अशी तेव्हा अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्येच ते दाखवलं होतं. म्हणजे प्लेगचं कारण चुकलं, नियम मात्र दुसऱ्या रोगासाठी अचूक निघाला: क्षयाचे जंतू खरोखरच उन्हात मरतात आणि खेळत्या हवेत विरळ होतात. (याच ट्रस्टने गरिबांच्या चाळी पाडल्या आणि त्या मानाने घरं फार कमी बांधली, हेही विसरू नये.)

आता गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड पाहा. पुनर्वसनाच्या सात मजली इमारती आणि मधे अवघं तीन मीटर अंतर. तोच कोन इथे जवळपास 82 अंशांवर जातो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या क्षयरोगाचा संबंध अपुऱ्या उजेडाशी आणि कोंडलेल्या हवेशी आढळला. ही घरं कायदा मोडून उभी राहिली नाहीत. पुनर्वसनासाठी सामासिक अंतराचे नियमच सैल केले गेले.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत असेल, तर कार्पेट एरियाआधी दोन आकडे मागा: समोरच्या इमारतीची उंची आणि मधलं अंतर. भागाकार दोनच्या फार वर गेला, तर तळमजल्यावर कोण राहणार आहे, हे त्याच सभेत विचारा.