सीट गार हवी की कोरडी?

मोटारीत बसलेल्या माणसाची पाठ आणि मांड्या सीटला टेकलेल्या असतात. एसीचा झोत छाती-तोंडावर येतो, या भागापर्यंत पोहोचत नाही. तिथे आलेला घाम अडकून राहतो. चेन्नईत मरिना किनाऱ्याला लागून असलेल्या तिरुवल्लिकेणीसारख्या भागात हवा इतकी दमट असते की उघड्या अंगावरचा घामही लवकर सुकत नाही.

यावर १९९७ साली साब ९-५ या गाडीत हवा खेळणारी, म्हणजे ‘व्हेंटिलेटेड’ सीट आली. भारतात मधल्या किमतीच्या गाड्यांपर्यंत ती पोहोचवण्यात चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे बनणाऱ्या ह्युंदाई व्हर्नाचा मोठा वाटा. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत पुढच्या सीटना ही सोय होती. अशा सीटच्या पोटात छोटे पंखे, फोमवर जाळीदार थर आणि वरच्या आवरणाला बारीक छिद्रे असतात. काही पंखे हवा अंगाकडे फुंकतात, काही अंगाकडून आत ओढतात. ही सीट हवा थंड करत नाही. तिचे काम घामाची वाफ वाहून नेण्याचे. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे २४०० जूल उष्णता शरीरातून घेऊन जातो, आणि गारवा वाटतो तो त्यामुळे. अर्थात गाडीतली हवा एसीने आधी कोरडी केलेली हवी. काचा उघड्या ठेवून चेन्नईच्या दमटपणात नुसता सीटचा पंखा लावला तर फारसे काही हाती लागत नाही.

सीट खरोखरच थंड करायची तर पेल्टिए तत्त्व वापरावे लागते. दोन भिन्न अर्धवाहकांच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम होते. विजेची दिशा उलटवली की बाजू बदलतात. २००० सालच्या लिंकन नेव्हिगेटरमध्ये ही सोय आली. पण गरम बाजूची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था करावी लागते, वीजही बरीच लागते. म्हणून ती महागड्या गाड्यांपुरतीच राहिली.

गरम सीट त्या मानाने सोपी: आवरणाखाली तापणारी तार किंवा कार्बन तंतू आणि तापमान आवरणारा संवेदक. १९६६ मध्ये कॅडिलॅकने ती पर्याय म्हणून दिली. १९७२ मध्ये साबने चालकाच्या सीटला ती मुळातच बसवली. चेन्नईतले आजवरचे नीचांकी तापमान १३.९ अंश, तेव्हा इथे ते बटण दाबायची वेळ क्वचितच. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे मात्र ते उपयोगी पडेल. २०२३ ची व्हर्ना दोन्ही सोयी देते.

टॅक्सीचालकांची लाकडी मण्यांची बैठक व्हेंटिलेटेड सीटचे काम विजेविना करते: पाठ आणि सीट यांत फट ठेवते. याउलट, तिरुवल्लिकेणीजवळच्या जनरल पॅटर्स रोडवरच्या गाडीसामानाच्या किंवा अशाच कुठल्याही बाजारात हौसेने चढवलेले बिनछिद्री रेक्झिनचे कव्हर व्हेंटिलेटेड सीटची छिद्रेच बुजवून टाकते. पंखा फिरत राहतो, हवा वर येत नाही.