सिल्वासातल्या घराण्यांचा माग

सिल्वासातल्या एखाद्या घराला आपल्या खापरपणजोबांचा माग काढायचा असेल, तर त्यांच्या वेळी इथे राज्य कोणाचं होतं, हे आधी ठरवावं लागतं. ‘सांताना’ या जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी मराठ्यांनी 1783 मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांच्या हवाली केली. दोन वर्षांनी पोर्तुगीजांनी दादरा विकत घेतलं. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं, मग सात वर्षं वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला, 11 ऑगस्ट 1961 ला भारतात विलीनीकरण झालं आणि 26 जानेवारी 2020 पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. राज्य बदललं की दफ्तर बदललं, नोंदीची भाषा बदलली. पुण्या-कोकणातल्या कुलवृत्तांतांची पद्धत म्हणूनच इथे जशीच्या तशी चालत नाही.

कोणी ‘आमचं मूळ सिल्वासाचंच’ म्हटलं, तर कोणत्या पाड्याचं ते विचारावं. पोर्तुगीजांचं ठाणं 1885 पर्यंत दरारा इथे होतं, त्यानंतर ते सिल्वासाला आलं. गावाला शहराची कळा आली ती तेव्हापासून. त्याआधीचा माणूस आसपासच्या एखाद्या गावात सापडण्याचा संभव जास्त.

फिरंगी अमदानीतले कागद मुख्यतः जमिनीचे. ‘अल्वारा’ म्हणून ओळखले जाणारे जमिनीचे पट्टे ज्या घरांना मिळाले, त्यांची नावं कागदावर आली. त्याच जमिनीवर राबणाऱ्याचं नाव तिथे शोधून मिळणं कठीण. ख्रिस्ती घरांना चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींचा आधार असतो. पुढचा शोध दमणला आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात घ्यावा लागतो. तिथे नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात: ‘श’च्या जागी एक्स, ‘क’च्या जागी सी किंवा क्यू. शोधायला बसण्यापूर्वी आपलं आडनाव किती तऱ्हांनी लिहिलं जाऊ शकतं, याची यादी करून न्यावी.

पण वारली, कोकणा, धोडिया घरांचं काय? या प्रदेशाचे मूळ रहिवासी तेच, आणि जुन्या कागदांत सर्वांत कमी दिसतात तेही तेच. त्यांचा इतिहास तोंडी आहे, आणि तो टिपायची घाई मला सगळ्यांत जास्त वाटते. खानवेलकडच्या एका आजींना वय विचारलं तर उत्तर मिळत नाही. फिरंगी गेले तेव्हा काय करत होतात, असं विचारलं की त्या लगेच सांगतात: गुरं राखत होते, धाकटा भाऊ कडेवर होता. म्हणजे 1954 मध्ये त्या सात-आठ वर्षांच्या असणार, आणि भावाचा जन्म 1952-53 चा. असे टेकू आणखीही आहेत. घरात ऐकलेली 1918 ची मानमोडीची साथ, 1945 चा तलासरी-उंबरगावकडचा वारल्यांचा लढा, दमणगंगेवरच्या मधुबन धरणाने गावं हलली तो काळ. लग्न त्याआधी की नंतर, पहिलं मूल चालत होतं की पोटात होतं, असं विचारत गेलं की साल आपोआप आवळत येतं.

वारल्यांत एकाच कुळात लग्न होत नाही, म्हणून सोयरीक जुळवताना म्हातारी माणसं कुळं मोजतात. त्या बैठकीला वही घेऊन हजर राहावं. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवासिणी, लग्न लावणारी धवलेरी, मृताचा दिस घालताना बोलावला जाणारा कामडी, या सगळ्यांकडे घरांची माहिती असते. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक 1945 चं आहे. घरातल्या विधींची नावं त्याच्याशी ताडून पाहता येतात. बोलणं फोनवर रेकॉर्ड करावं, मात्र आधी विचारून. कोणी सांगितलं, कुठे, कोणत्या तारखेला, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावं. दोन चुलत्यांनी दोन वेगळ्या हकिकती सांगितल्या तर दोन्ही लिहाव्यात. भाऊबंदकीत कोणाची खरी, हा निवाडा आपण करायचा नाही.

1961 नंतर कागद वाढले, आणि फसवणारे कागदही वाढले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली असते. तिच्यावर वंशावळ उभी करू नये. धरणग्रस्तांची यादी, शिधापत्रिका, जमिनीचा फेरफार यांतून कुटुंबप्रमुख आणि वारस कळतात. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. लॅमिनेशन कधीही करू नये, जुना कागद त्यात कायमचा अडकतो.

विलीनीकरणाच्या वेळच्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या 57,963 होती, 2011 मध्ये ती 3,43,709 झाली. या वाढीत कारखान्यांमागे आलेली घरंही आहेत, आणि त्यांचाही इतिहास आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पोचला आहे. कंपनीचं पहिलं ओळखपत्र, भाड्याच्या खोलीची पावती, गावाकडून आलेलं पत्र, हे आजच जपायला हवं.

वंशावळीत हमखास सुटतं ते बायकांचं माहेर. इथे तर तीच बाजू सर्वांत गुंतागुंतीची, कारण सोयरीक सरहद्द पाहत नाही. आजीचं माहेर जव्हारकडे असेल तर 1948 पूर्वीचा काळ जव्हार संस्थानाचा. कपराड्याकडे असेल तर धरमपूर संस्थानाचा. तलासरीकडे असेल तर ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्याचा, कारण पालघर जिल्हा झाला तो 2014 मध्ये. महाराष्ट्रात 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गाव नमुना 14, कोतवाल बुक, मोडीतले जुने कागद पुन्हा उघडले गेले. सरहद्दीपलीकडच्या माहेरासाठी त्याच नोंदी तालुक्याच्या अभिलेख कक्षात मागाव्यात, आणि अर्जात गावाचं नाव जुनं आणि नवं, दोन्ही लिहावं.