मागचे पाय गेले म्हणजे कुत्रं गेलं?

नीरा नरसिंहपूर, टणू, गिरवी या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्यात सापडलेलं कुत्रं मागचे पाय ओढत घरी आलं की पारावरच निकाल लागतो: "कणा मोडला, आता काही खरं नाही." कण्याला धक्काही लागला नसेल, तरी निकाल तोच.

कंबरेचं हाड मोडलं तरी कुत्रं असंच फरफटतं. खुब्याचा सांधा शाबूत असेल तर त्यातली बरीच हाडं कोंडून, निवांत ठेवल्यावर काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय जुळतात. डॅशहुंडसारख्या बुटक्या जातीत तर अपघाताशिवायच मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जू दाबते.

"चिमटा काढला की पाय आखडतो, म्हणजे जीव आहे पायात" हेही खरं नाही. पाय आखडणं ही कण्यातून खालच्या खाली होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूपर्यंत निरोप पोचलाच असं नाही. डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड दाबतात तेव्हा त्यांची नजर कुत्र्याच्या तोंडाकडे असते: मान वळवतं का, केकाटतं का? ही खोल वेदना शिल्लक असेल, तर गादी सरकलेली बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेनंतर चालू लागतात. ती गेली असेल तरी वेळेत ऑपरेशन झाल्यास साधारण निम्मी सावरतात. मणकाच मोडून वेदना गेली असेल, तर मात्र आशा फार थोडी; तिथे खोटा धीर देऊ नये. ही तपासणी घरी करू नका, दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं. त्याला फळीवर आडवं ठेवून न्या, कडेवर घेऊन नव्हे.

बांबूच्या कामट्या बांधून पाय जुळतो? शेळीच्या नडगीचा कधी जुळतोही. पण बांधणी घट्ट झाली तर रक्त थांबून पाय सडतो. मांडीच्या हाडाला तर प्लास्टरही निरुपयोगी, कारण वरचा खुबा जखडता येत नाही. तिथे सळई किंवा प्लेटच हवी. दुखणं थांबवायला आपल्या डब्यातली गोळी तर मुळीच नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

अशी ऑपरेशनं परदेशातच होतात, हा समजही जुनाच. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झालं, तेही नीरा नदीकाठच्याच गावात. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतो आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून निघण्याआधी फोन करून काय सोय आहे ते विचारा.

एक धोका मात्र विसरू नका. मार लागलेला नाही, तरी पाय लुळे पडले, लाळ गळते, जबडा लोंबतो, तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. हा रेबीज असू शकतो. चावा बसला किंवा लाळ लागली तर ती जागा १५ मिनिटं साबण-पाण्याने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. जनावरासाठी पशुसंवर्धन विभागाचा फोन क्रमांक आहे १९६२.