मामाच्या मुलीशी लग्न आणि आनुवंशिक आजार

"आम्ही दोघेही ठणठणीत, घराण्यात कुणाला हा आजार नाही, मग बाळालाच कसा?" हुपरीसारख्या गावात, जिथे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, तिथे हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. बहुतेक वेळा बोट सुनेकडे दाखवले जाते. ते चुकीचे का, हे समजून घ्या.

जनुके म्हणजे काय?
शरीर कसे घडवायचे याच्या सूचना जनुकांत असतात. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात: एक आईकडून, एक वडिलांकडून. चांदीकामातले उदाहरण घ्या. एकाच नक्षीचे दोन साचे असले आणि त्यातला एक बिघडला, तरी दुसऱ्यावर काम चालते. तसेच एक प्रत सदोष असूनही माणूस निरोगी राहू शकतो. अशा व्यक्तीला 'वाहक' म्हणतात.

दोघेही वाहक असतील तर?
प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निर्दोष मिळण्याची २५ टक्के असते. पहिल्या मुलाला आजार झाला म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब नसतो. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते. थॅलेसेमिया मेजर आणि जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार असेच येतात.

नात्यातल्या लग्नाने काय फरक पडतो?
मामाच्या मुलीशी लग्न झाले, तर नवऱ्याची आई आणि बायकोचे वडील सख्खी भावंडे असतात. म्हणजे दोघांचे एक आजी-आजोबा तेच. त्यामुळे पतिपत्नींची सरासरी एक अष्टमांश जनुके सारखी असतात आणि एकच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मामा-भाचीच्या लग्नात हे प्रमाण एक चतुर्थांश असते.

घाबरून जाऊ नका. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ती सुमारे दुप्पट होते. म्हणजेच अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी जन्मतात.

तुम्ही काय कराल?
• लग्न ठरवताना दोन्ही घरांतल्या आजारांची, लहानपणी दगावलेल्या मुलांची माहिती मोकळेपणाने सांगा.
• लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, थॅलेसेमियासाठी 'एचपीएलसी' ही रक्ततपासणी करा.
• दोघेही वाहक निघाल्यास लगेच जनुकीय समुपदेशकाला भेटा. वारेचा अंश तपासून साधारण ११ ते १३ आठवड्यांत बाळाचे निदान करता येते.
• नवजात बाळाच्या श्रवणशक्तीची तपासणी चुकवू नका.

अशा आजारात एक सदोष प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. ती कुणी निवडून दिलेली नसते. त्यामुळे दोष कुणाचा हे शोधण्यात वेळ घालवू नका. पुढच्या गरोदरपणाआधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे या.