मत बनवण्याचे वय

शाळकरी मुलांनी सार्वजनिक प्रश्नांवर मत बाळगावे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा चिडलेल्या सुरातच विचारला जातो. एखाद्या मोर्चात गणवेशातील मुले दिसली की एक बाजू म्हणते, यांनी आधी अभ्यास करावा. दुसरी म्हणते, देशाचे भवितव्य जागे झाले. पुढच्या आठवड्यात मोर्चाचा विषय बदलतो आणि दोन्ही बाजू आपापली वाक्ये एकमेकींना देऊन टाकतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे कर्नाटकात प्रशासकीय सेवेत हयात घालवलेला माणूस म्हणून, या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा घडलेल्या गोष्टींत शोधावे, असे मला वाटते. त्यातली पहिली गोष्ट बेंगळुरूची, १९३६ सालची आहे.

त्या वर्षी महात्मा गांधी बसवनगुडी भागातील नॅशनल हायस्कूलमध्ये आले होते. ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने, होमरूल चळवळीच्या ऐन भरात, १९१७ मध्ये स्थापन झालेली ही शाळा. गांधीजी हिंदीत बोलणार होते आणि समोरच्या श्रोत्यांना कन्नड कळत होते. भाषणाचा कन्नड अनुवाद करण्याचे काम शाळेने एका विद्यार्थ्यावर सोपवले. त्याचे नाव एच. नरसिंहय्या. गौरीबिदनूरजवळच्या होसूर गावातला, अत्यंत गरीब घरातला हा मुलगा आदल्याच वर्षी, पुढचे शिक्षण घ्यायचे म्हणून, दोन दिवस पायी चालत बेंगळुरूला आला होता. त्याचे वय होते सोळा वर्षे.

या प्रसंगाचे मोल गांधीदर्शनापुरते नाही. अनुवाद करणाऱ्याला आधी नीट ऐकावे लागते. समोरचा माणूस काय म्हणाला आणि त्याने काय म्हणावे असे आपल्याला वाटते, यांतला फरक त्याला क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. सार्वजनिक जीवनात मत बनवण्याचे याहून चांगले प्रशिक्षण मला तरी माहीत नाही. शाळेने त्या मुलाला घोषणा पाठ करायला लावली नाही आणि हा तुझा विषय नव्हे असे म्हणून मागच्या बाकावरही बसवले नाही. तिने त्याला एक अवघड काम दिले.

सहा वर्षांनी, १९४२ मध्ये, बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत असताना नरसिंहय्यांनी शिक्षण सोडून ‘छोडो भारत’ आंदोलनात उडी घेतली. त्यांना तुरुंगवास घडला. त्यातला काही काळ त्यांनी पुण्याच्या येरवडा कारागृहात काढला. सुटकेनंतर ते पुन्हा वर्गात परतले, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि नॅशनल कॉलेजात अध्यापक झाले. पुढे अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून त्यांनी १९६० मध्ये अणुभौतिकीत डॉक्टरेट मिळवली आणि १९७२ ते १९७७ या काळात ते बेंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी १९६२ मध्ये सुरू केलेला बेंगळुरू सायन्स फोरम सामान्य नागरिकांसाठी विज्ञानाची व्याख्याने भरवत आला. कुलगुरूपदी असतानाच, १९७६ मध्ये, त्यांनी तथाकथित चमत्कारांची तपासणी करणारी समिती नेमली आणि सत्य साईबाबांना नियंत्रित परिस्थितीत चमत्कार करून दाखवण्याचे आवाहन केले. आवाहन स्वीकारले गेले नाही. मात्र कुलगुरूने असा प्रश्न विचारावा, यावरून मोठा गदारोळ झाला. २००५ मध्ये निधन होईपर्यंत हा माणूस नॅशनल कॉलेजच्या विद्यार्थी वसतिगृहातील एका खोलीत राहिला.

विद्यार्थ्याने सार्वजनिक गोष्टींत लक्ष घातले की त्याचे करिअर बुडते, अशी मध्यमवर्गीय पालकांची पक्की समजूत आहे. नरसिंहय्यांच्या चरित्राने ती पूर्णपणे खोटी ठरते, असे मी म्हणणार नाही. १९४२ मध्ये शिक्षण सोडलेल्या कितीतरी मुलांना पुन्हा वर्गाचे दार दिसले नाही. १९२१ मध्ये असहकाराच्या काळात रवींद्रनाथ टागोरांनी गांधीजींशी याच मुद्द्यावर मतभेद नोंदवला होता: मुलांना शाळेबाहेर काढताना त्यांच्या हाती दुसरे काय देणार आहात, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. तो आजही विचारात घ्यावा असा आहे. तथापि, महत्त्वाकांक्षा आणि सार्वजनिक भान या दोन गोष्टी एकाच मुलाच्या अंगी नांदू शकतात आणि एकीने दुसरीला बळ मिळू शकते, एवढे तरी या आयुष्यावरून दिसते.

स्वातंत्र्यलढ्याचा काळ असाधारण होता, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण अगदी साध्या काळातले घेतो. बेंगळुरूस्थित ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रेन’ या संस्थेने १९९० च्या दशकात, आज उडुपी जिल्ह्यात असलेल्या कुंदापूर तालुक्यात, ‘मक्कळ पंचायत’ म्हणजे मुलांची पंचायत उभी केली. प्रारंभ १९९५ चा. त्यात शाळेत जाणारी मुले होती, तशी काम करणारीही होती. किनारपट्टीच्या या भागात पाऊस धो धो पडतो आणि ओढ्यांवर आडवे टाकलेले ओंडके हाच कित्येक वाड्यांचा पूल असतो. पावसाळ्यात ते निसरडे होतात आणि शाळेची वाट बंद पडते. मुलांनी अशा वाटांचे नकाशे काढले, कोणत्या वाडीतून किती मुले कोणत्या ओंडक्यावरून जातात याची नोंद केली आणि ती पंचायतीच्या मोठ्या माणसांपुढे ठेवली.

ही मुले राजकारण करत होती काय? माझ्या मते, होय. आणि अत्यंत उत्तम अर्थाने. सार्वजनिक पैसा आधी कोठे खर्च व्हावा, याबद्दल त्यांचे एक मत होते आणि त्या मताला मोजणीचा आधार होता. सरपंचाला ते आवडो वा न आवडो, ओढ्यावर जाऊन पाहता येण्याजोगे होते. २०१२ पासून सलग तीन वर्षे या संस्थेचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले गेले. मात्र त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे २००६ मध्ये कर्नाटक सरकारने राज्यभरातील ग्रामपंचायतींना ‘मक्कळ ग्रामसभा’ घेण्याचे निर्देश दिले. मतदानाचे वय न झालेल्यांचे म्हणणे ऐकणे हा स्थानिक कारभाराचा भाग मानला गेला.

यामागे कायद्याचेही अधिष्ठान आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. आपल्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत मुलाला मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व परिपक्वता पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे, असे तिचे बारावे कलम सांगते. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केली. यात मुलाचे म्हणणे मान्य करण्याची सक्ती नाही; ऐकण्याची आहे.

आता त्याच कुंदापूरचे नंतरचे चित्र पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये हिजाब घातलेल्या विद्यार्थिनींसमोर तेथील एका महाविद्यालयाचे फाटक बंद झाले आणि त्यांचेच सहाध्यायी भगव्या शाली घेऊन उभे राहिले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १५ मार्च २०२२ रोजी हिजाबबंदी कायम राहिली. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. त्या वादाच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. मला दिसते ते एवढेच, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी एकमेकांना काही विचारावे, समजून घ्यावे, अशी जागा कोणी ठेवली नाही. मोठ्यांनी आपली भांडणे तयार स्वरूपात त्यांच्या हाती दिली. ज्या तालुक्यात मुलांनी ओंडके मोजून मत बनवले होते, तेथेच एका पिढीच्या अंतराने मुलांना बनवलेली मते मिळाली.

तिसरी घटना बिदरची. मराठी वाचकांना हे सीमेवरचे शहर अनोळखी नाही. तेथील शाहीन शाळेत २१ जानेवारी २०२० रोजी मुलांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर टीका करणारी एक नाटिका सादर केली. राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. एका मुलीची आई आणि मुख्याध्यापिका यांना अटक झाली. जामीन मिळेपर्यंत दोन आठवडे गेले. पोलीस शाळेत पुन्हा पुन्हा येऊन प्राथमिक वर्गांतील मुलांची चौकशी करत राहिले. गणवेशातील, शस्त्रधारी पोलिसांनी मुलांसमोर बसणे हे बालन्याय कायद्याच्या विरुद्ध आहे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नमूद केले. जून २०२३ मध्ये कलबुर्गी खंडपीठाने संपूर्ण गुन्हाच रद्द केला. मात्र हे करताना, शाळांनी मुलांना सरकारच्या धोरणांवर टीका करण्यापासून दूर ठेवावे, असे मतही न्यायालयाने नोंदवले.

निकालाचे स्वागत करूनही या शेवटच्या अभिप्रायाशी मी आदरपूर्वक असहमत आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडी मोठ्यांनी लिहिलेले संवाद घालणे हे शिक्षण नव्हे, हा त्यातला भाग मला पटतो. तो सरकारची स्तुती करणाऱ्या नाटिकांनाही तितकाच लागू आहे आणि त्यांची आपल्या शाळांत वाण नाही. परंतु धोरणावर टीकाच नको असे म्हटले, तर कुंदापूरच्या मुलांनी ओढ्यावर पूल का नाही हे विचारणेही बसत नाही. पूल न बांधणे हेसुद्धा धोरणच असते. विषय चालू आहे की जुना, हा निकष नव्हे. मुलाला आपले म्हणणे तपासता येते काय आणि उलट पुरावा मिळाल्यास ते बदलता येते काय, हा निकष हवा.

आजच्या बेंगळुरूतील दहावीच्या विद्यार्थ्याकडे पाहिले की हा निकष अधिकच निकडीचा वाटतो. त्याच्या शहराला सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी उपसून आणले जाते आणि तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्या सोसायटीत टँकरच्या रांगा लागल्या. बेळ्ळंदूर तलावाच्या पाण्यावर त्याने फेस पाहिला आहे आणि आग लागल्याचे ऐकले आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो स्थानिक स्वराज्य संस्था शिकतो. पण त्याच्या शहरात महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली, तिची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढील पाच वर्षे शहर निर्वाचित नगरसेवकांविना प्रशासकांच्या हाती राहिले. धडा आणि रस्ता यांच्यातला हा विरोध त्याला दिसत नसेल, असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याला वेळ मात्र नाही. आठवीपासून शिकवणी, मग जेईई, नीट किंवा सीईटी.

या शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यावरची मुले मी जवळून पाहतो. निवृत्तीनंतर प्रशासकीय सेवेच्या उमेदवारांच्या सराव मुलाखती घेण्यासाठी मला अधूनमधून बोलावणे येते. बाविशी-पंचविशीतल्या या मुलामुलींची तयारी थक्क करणारी असते. कोणताही विषय काढा, दोन मुद्दे बाजूने, दोन विरुद्ध आणि अखेरीस एक ‘संतुलित’ निष्कर्ष तयार असतो. तुमच्या मोहल्ल्यातील कचरा कोठे जातो, असे विचारले की बहुतेक जण थबकतात. त्यांच्यापाशी उत्तरे पुष्कळ असतात. स्वतःहून पडलेला प्रश्न क्वचितच असतो. दोष त्यांचा नाही. मत असणे धोक्याचे आणि मत असल्यासारखे दिसणे फायद्याचे, हे आपण त्यांना बारा वर्षे शिकवले आहे. उद्या हीच मुले जिल्हाधिकारी होतील आणि त्यांच्यापुढे एखादी शाळकरी मुलगी ओढ्याचा नकाशा घेऊन येईल. ती काय म्हणते आहे, हे त्यांना ऐकू येईल काय?

उपाय खर्चिक नाहीत. ग्रामपंचायतींसाठी असलेली मक्कळ ग्रामसभेची कल्पना शहरातील प्रभाग समित्यांपर्यंत आणता येईल: वर्षातून एकदा, अंदाजपत्रकाच्या आधी, प्रभागातील शाळांच्या मुलांनी मोजून आणलेले प्रश्न मांडावेत आणि प्रत्येकाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. अट मोजण्याची असावी आणि उत्तराचीही. कारण नुसते ‘नोंद घेतली’ हे उत्तर मुलांना फार लवकर निंदक बनवते. महाराष्ट्रातील महापालिकांनाही हे अशक्य नाही. नागरिकशास्त्राच्या परीक्षेत काही गुण अशा पाहणीसाठी राखावेत. आणि वर्गात चर्चा घडवून आणणाऱ्या शिक्षकाला एखाद्या पालकाच्या किंवा संघटनेच्या तक्रारीवरून तडकाफडकी निलंबित करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद हवी. या साखळीत सर्वांत असुरक्षित तोच आहे आणि तो घाबरला की वर्ग गप्प होतो.

नरसिंहय्यांना गांधीजींचे शब्द कन्नडमध्ये सांगायला लावणारा तो कोणी शिक्षक इतिहासात ठळकपणे नोंदला गेलेला नाही. म्हैसूर संस्थानातल्या त्या शाळेत, ब्रिटिश सत्ता पक्की असताना, एका खेड्यातल्या मुलाला शेकडो लोकांपुढे उभे करणे हे धाडस होते. स्वतंत्र, निवडून दिलेल्या सरकारांच्या काळात शिक्षकाला तेवढ्यासाठी धाडस लागू नये, इतकी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.